सागवानी सनमायका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, भावाला तर नाहीच नाही. आणि जिला सांगायलाच हवं होतं ती — थांबा. एकदम तिथं नको. एकदम गेले तर मी मधेच चहाचं आधण ठेवायला उठेन आणि परत येणारच नाही. मला माझी खोड माहीत आहे.

आधी सनमायकाचं सांगते. ते सोपं आहे. त्यावरनं आमच्या घरात सगळे मला हसायचे.

माझ्याकडे एक जुनं लिहायचं टेबल आहे. भलंमोठं. दोन्ही बाजूंना खण, मधे पाय घालायला जागा, पायांवर कोरीव काम. चार माणसं लावल्याशिवाय जागचं हलत नाही. अशा टेबलावर मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सनमायका चिकटवून घेतला. वरनं पूर्ण, आणि कडेनंही पट्टी. तोही कुठला? लाकडाच्या डिझाइनचा! अस्सल लाकडावर लाकडाचं चित्र. माझा मुलगा पाहुण्यांना टेबल दाखवायचा आणि म्हणायचा, "ही आमच्या आईची आवड." पाहुणे हसायचे. मीही हसायचे — हो बाई, हौस माझी, तेव्हा तशीच फॅशन होती! जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि जुन्या वस्तूची ही कदर, असं म्हणायचे सगळे. म्हणू दे म्हटलं. अडाणी म्हणवून घेणं मला परवडत होतं. का परवडत होतं, तेच तर सांगायला बसलेय.

टेबल मला माहेरनं मिळालं. माहेर वैजापूरच्या अलीकडं, रस्त्यापासून जरा आत. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा सांगायचे, हे टेबल आपल्या मळ्यातल्या सागाचं आहे. विहिरीजवळ एक साग होता, तो वादळात पडला, आणि गावातल्या सुतारानं आपल्याच ओसरीवर बसून हे घडवलं. छान गोष्ट आहे की नाही? मी लहानपणी ती मैत्रिणींना रंगवून सांगायचे. फक्त एक होतं — दादा स्वतः त्या टेबलावर कधी लिहीत नसत. लिहायचं असलं की जमिनीवर मांडी घालायची आणि मांडीवर पाट घ्यायचा. टेबलावर आमच्याकडं गाद्या रचलेल्या असायच्या. पाहुणे मुक्कामाला आले, गाद्या उतरवल्या, की तेवढ्यापुरतं टेबल दिसायचं.

त्याच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यावर बारीक तिरक्या चिरा होत्या. एकीला लागून एक, दाट, सुरीनं मारल्यासारख्या. मी त्यांवरनं बोट फिरवत बसायचे. एकदा विचारलं, दादा, ह्या कशाच्या? दादा म्हणाले, गप अभ्यास कर.

खरं कळलं ते थोरल्या काकांकडनं, आणि तेही माझ्याच लग्नात. पंगत उठली होती, काका पान खात मांडवात बसले होते, आणि मी कौतुकानं नवऱ्याकडच्या कुणाला तरी मळ्यातल्या सागाची गोष्ट सांगत होते. ती माणसं उठून गेल्यावर काका म्हणाले, "सागाचं कशाचं डोंबलाचं! वैजापूरच्या पेशकाराच्या घरातनं आणलं ते. पोलीस ॲक्शन झाली तवा. बैल तर तुझ्या बापानंच हाकले व्हते की!" आणि मोठ्यानं हसले. जुनी गंमत आठवल्यावर हसतात तसं.

पोलीस ॲक्शन म्हणजे काय, ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. निजामाचं राज्य गेलं तेव्हाची गोष्ट. त्याआधी रझाकारांनी आमच्या लोकांचे काय हाल केले ते मी शाळेत दरवर्षी शिकवलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सप्टेंबरातल्या झेंडावंदनाला भाषणही माझंच असायचं. पण राज्य गेल्यावरच्या दिवसांत, ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं अशी घरंही रिकामी झाली — जीव घेऊन माणसं पळाली आणि मागं राहिलेलं ज्याला जे उचलता आलं ते त्यानं नेलं. ते मी शिकवलं नाही. पुस्तकात नव्हतं, असं म्हणता येईल. पुस्तकात नसलेलं किती काय मी शिकवत होते! हेच तेवढं नाही.

पेशकार म्हणजे तहसिलीच्या कचेरीतला, साहेबापुढं कागद मांडणारा माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. दादा तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर असतील. काकांचं ऐकून मी काय केलं? नव्या नवरीला शोभेल अशी मान खाली घातली आणि ठरवलं की आपण हे ऐकलंच नाही. जमलं मला ते. बरीच वर्षं जमलं.

आता सबिहा.

सबिहा आमच्या शाळेत हिंदी शिकवायची. एकाच वर्षी लागलो दोघी. एकाच रिक्षानं यायचो, डबा एकत्र खायचो. माझ्या बाळंतपणात तिनं माझे तास घेतले, तिच्या मिस्टरांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिच्या घरी पोळ्या पोचवल्या. ती डावरी. फळ्यावर लिहिताना तिचा हात तिच्याच अक्षरांवरनं फिरायचा, बाही खडूनं पांढरी व्हायची, आणि पोरं खुसूखुसू हसली की म्हणायची, "हसा हसा, पेपर पण ह्याच हातानं तपासते मी." माझ्या दिवाळीच्या फराळाला ती यायची आणि तिच्या ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी माझी. तीस वर्षं. मला सख्खी बहीण नाही. आता कळलं, कुणाविषयी बोलतेय?

तिची आई — अम्मी — रोजाबागेतल्या घरी तिच्यापाशीच राहायची. अम्मीला बोलायला कुणीतरी लागायचं, आणि घरातल्यांना तिचं ऐकायचा कंटाळा. मी गेले की मला पलंगावर जवळ बसवून घ्यायची. वैजापूरचं घर, दारातलं चिंचेचं झाड, अब्बांची कचेरी. सगळं मोठं मोठं करून सांगते असं तिच्या नातवंडांना वाटायचं. "अम्मी का महल" म्हणून चिडवायची पोरं. घर एवढं मोठं होतं तर एक कागद कसा नाही? एक फोटो कसा नाही? आली तेव्हा तर अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती म्हणे! अम्मी चिडायची, मग स्वतःच हसायची.

एका ईदला ती अब्बांच्या डेस्कच्या गोष्टीवर आली. छावणीतला कुणी गोरा साहेब परत विलायतेला निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि अब्बांनी हौसेनं ते डेस्क घेतलं. "बलूत की लकड़ी थी बेटा. विलायती. हमारे इधर होतीच नहीं." अब्बा डावरे होते. बरूची लेखणी टेबलाच्या कोपऱ्यावरच ठेवून तिचं टोक छाटायचे. अम्मीची आई ओरडायची, एवढं महागाचं टेबल आणि भाजी चिरल्यासारखं काय करता! सगळा डावा कोपरा चिरांनी भरला होता. आणि अम्मी म्हणजे सात-आठ वर्षांची पोर, त्या चिरांवरनं बोट फिरवत अब्बांच्या पायाशी बसायची.

माझ्या हातात शीरखुर्म्याची वाटी होती. मला काय झालं असेल? काही झालं नाही. मी वाटी संपवली. "मग काय झालं त्या डेस्कचं, अम्मी?" असंही विचारलं मी — वर तोंड करून! अम्मी म्हणाली, अल्ला जाने, कुणाच्या चुलीत गेलं असेल. बलूत म्हणजे काय ते घरी येऊन मी शब्दकोशात पाहिलं. बलूत म्हणजे ओक.

त्या दिवशी सांगता आलं असतं. पुढच्या ईदलाही. टेबल तेव्हा माझ्याकडं नव्हतंही, गावी होतं, गाद्यांखाली. मी उशीर केला असं म्हणू का? छे. उशीर करणाऱ्या माणसाचा कधीतरी करायचा विचार असतो.

मग दादा गेले. तेरावं झाल्यावर भावानं मला आणि आत्याला सही करायला तहसिलीत नेलं. हक्कसोड. आमच्याकडं मुलींनी तेच करायचं असतं — मळ्यावरचा हक्क सोडायचा आणि वर्षातनं एकदा साडी-चोळी घेऊन खूश व्हायचं. मी सही केली. पण सही करताना म्हटलं, मला ते टेबल पाहिजे. वहिनी म्हणाली, काय करता त्या धुडाचं? मी म्हटलं, दादांची आठवण.

ऐकलंत ना? मला सगळं माहीत होतं. कुणाचं आहे, कसं आलं, कोण ते आठवत बसलंय, सगळं. आणि मी ते मागून घेतलं. माहेरचं मला दुसरं काहीच मिळालं नाही, म्हणून मला ते हवं होतं. ओक बघून नाही, अम्मीला द्यावं म्हणून नाही. नुसतं हवं होतं. हपापल्यासारखं.

टेम्पोतनं टेबल सिडकोतल्या घरी आलं आणि मी आणखी एक मूर्खपणा केला. स्टाफरूममध्ये सांगून बसले. आमच्या दादांचं टेबल आलंय बरं का, मळ्यातल्या सागाचं! सवयच लागली होती जिभेला. सबिहा लगेच म्हणाली, अरे वा, दिवाळीला येईन तेव्हा बघते. आणि दिवाळीच्या आठवड्यात म्हणाली, अम्मीपण येतेय या वेळी. तिला सांगितलं तुझ्या टेबलाचं, वैजापूरकडचं म्हणून, तर म्हणते मेरेकू बी ले चल.

अम्मी कुठं जात नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. ती येणार म्हटल्यावर मी सुतार बोलावला.

तो बिचारा म्हणाला, मॅडम, नुसतं पॉलिश मारू का, एक नंबर निघेल. मी म्हटलं, सनमायका. कोपऱ्यातल्या चिरांत त्यानं लांबीचा लगदा भरला, घासून सपाट केला. डिझाइनचं पुस्तक माझ्यापुढं धरलं. पानं उलटत गेले आणि बोट ठेवलं — सागवानी. हो, मुद्दाम. दादांची गोष्ट खरी करून टाकली मी, एकदाची.

गोंदाचा वास काही केल्या जाईना. खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या, धूप फिरवला. सबिहा अम्मीचा हात धरून आत आली. अम्मी उंबऱ्यातच थांबली, नाकानं हवा ओढली आणि म्हणाली, "नया काम कराए क्या बेटा?" मी म्हटलं, हो अम्मी, दिवाळी ना, थोडंसं.

तिला आधी फराळ द्यायचा होता मला. ती म्हणाली, पहले टेबल. खुर्ची ओढून बसवलं तिला. तिला दिसत नव्हतंच फारसं. तिनं हात पुढं केला — सरळ डाव्या कोपऱ्याकडं. मी बघत होते. तिची बोटं त्या गुळगुळीत सनमायकावर फिरली. एकदा, परत एकदा. पुढच्या कडेवरनं फिरली. पट्टी होती तिथं. मग हात खाली गेला, डाव्या खणाच्या कडीपाशी.

आता हे सांगायला हवं. तो डावा खण नुसता ओढून उघडत नाही. जरा वर उचलायचा, मागं रेटायचा, मग ओढायचा. दादांशिवाय आणि माझ्याशिवाय तोवर कुणाला तो उघडता आला नव्हता. सुतार त्याच्याशी झटून झटून कंटाळला होता. अम्मीनं तो उचलला, रेटला आणि ओढला. अलगद उघडला. तिच्या मनानं नाही केलं ते, हातानंच केलं.

अम्मी आपल्याच हाताकडं बघत होती. तिचा चेहरा असा काही — नाही, मला नाही सांगता येत. तिनं माझ्या दिशेला तोंड वळवलं. तिला काय पाहिजे होतं? टेबल नको होतं. सबिहाच्या दोन खोल्यांत ते मावलंही नसतं. तिला एवढंच पाहिजे होतं की कुणीतरी म्हणावं — अम्मी, तू खरं सांगत होतीस. साठ वर्षं ती एकटीच म्हणत होती की असं घर होतं, असे अब्बा होते, आणि साठ वर्षं सगळे हसत होते. अख्ख्या जगात तिला हो म्हणू शकणारी एकच बाई होती आणि ती तिच्यासमोर करंज्यांचं ताट घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "सागाचं आहे हो अम्मी. आमच्या मळ्यातल्या."

आवाजसुद्धा कापला नाही माझा.

अम्मीनं खण लावला, सावकाश, आणि म्हणाली, "हौ बेटा. साग काच होगा." आणि करंजी मागून घेतली. गोड झालीय म्हणाली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेत सबिहानं सांगितलं, अम्मी म्हणाली ते आपलं नव्हे. आपलं फार देखणं होतं. हे ऐकून मला काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. हायसं वाटलं! डबा खाल्ला मी त्या दिवशी पोटभर. लाज नाही वाटली, ती नंतरही कितीतरी दिवस नाही वाटली. सबिहा पुढं म्हणाली, एक बरं झालं शैला, तिचं ते डेस्कचं वेड गेलं बघ. आता काढतच नाही ती विषय.

खरंच नाही काढला. पुढच्या ईदला मी गेले तर अम्मी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हटलं, अम्मी, वैजापूरचं सांगा ना. ती म्हणाली, "क्या बोलूँ बेटा. छोटी थी मैं. याद नहीं आता." नातू म्हणाला, महल गिर गया अम्मी का! आणि सगळे हसले. अम्मीही हसली. मीही.

ती त्यानंतर दोन-अडीच वर्षं होती. वैजापूरचं नाव नाही काढलं. मी मातीला गेले. बायकांत बसून रडले. माझं रडू बघून तिच्या नात्यातल्या बायकाही रडल्या — बघा, परकी असून किती जीव लावलेला.

इथं संपलं असतं तर मी हे सांगितलं नसतं. पुरून टाकलं होतं मी सगळं, सनमायकाच्या खाली. पण माझी सून आली.

ऋतुजा चांगली पोरगी आहे. घरूनच काम करते, दिवसभर कानाला ते हेडफोन. तिला टेबल लागायचं. तिनं एकदा पायांवरचं कोरीव काम पाहिलं आणि हट्टच धरला — आई, हा सनमायका काढूया. मी म्हटलं राहू दे, धूळ होईल. मग म्हटलं पैसे वाया. मग म्हटलं दादांची आठवण आहे, हात लावू नको. किती कारणं सांगणार माणूस? लासूर स्टेशनला पुतण्याचं लग्न होतं, मी दोन दिवस तिकडं गेले, आणि परत आले तर टेबल पॉलिश होऊन दिवाणखान्यात उभं. ऋतुजा लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. "आई, साग नाहीये हे! ओक आहे, ओक! इंग्लंडचा असणार. आणि हे बघा, इथं लांबी भरली होती, ती काढली तर खाली काय निघालं!"

डावा कोपरा. सगळ्या चिरा. दिवसाढवळ्या.

"कोण डावरं होतं हो आई तुमच्याकडं? आणि हे आपल्या घराण्यात आलं कसं?"

तुम्हाला काय वाटतं, मी आता तरी सांगितलं असेल? साठी उलटलेली, नवरा गेलेला, दादा गेलेले, काका गेलेले — कुणाची अब्रू जाणार होती? कुणाला भीत होते मी? तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातनं जे आलं ते ऐका. मी म्हटलं, माझे आजोबा डावरे होते. छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तिथनं त्यांनी हे हौसेनं घेतलं. बरूची लेखणी ते ह्या कोपऱ्यावरच छाटायचे. आजी ओरडायची, भाजी चिरल्यासारखं काय करता म्हणून.

शब्द न् शब्द अम्मीचा. दादांनी बापड्यांनी टेबलच नेलं होतं. वर निदान स्वतःची खोटी गोष्ट तरी स्वतः रचली होती. मी अम्मीचा बापही उचलून आणला.

ऋतुजानं फोटो काढले. चिरांचा अगदी जवळनं. आणि ही सगळी गोष्ट खाली लिहून स्टेटसला टाकली. तिच्याकडं सबिहा मावशीचा नंबर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी सबिहा आली. फोन न करता. एरवी ती फोन करते. ऋतुजानं चहा ठेवला आणि तिला टेबलापाशी नेऊन माझ्यादेखत सगळी गोष्ट परत सांगितली — डावरे आजोबा, लिलाव, भाजी. सबिहानं शेवटपर्यंत ऐकलं. मग खुर्चीवर बसली आणि डावा हात टेबलावर ठेवला. बोटं बरोब्बर चिरांवर आली. तिची बोटं अम्मीसारखीच आहेत, आखूड. तिनं डावा खण ओढून पाहिला. उघडेना. ऋतुजा म्हणाली, मावशी, तो असा नाही उघडत, जरा उचलून मागं रेटा.

सबिहानं हात मागं घेतला. म्हणाली, "अम्मीनं तर एका झटक्यात उघडला होता."

ऋतुजाला काही कळलं नाही. ती चहा आणायला आत गेली. सबिहानं माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी हळू विचारलं, "शैला, सनमायका कधी लावला होतास गं? अम्मी यायच्या आधी का नंतर?"

आधी. आदल्या दिवशी. गोंद ओला होता.

मी म्हटलं, "आठवत नाही गं."

सबिहानं मान हलवली. चहा आला. तिनं तो पूर्ण प्याला. कप स्वतः आत नेऊन ठेवला, ऋतुजाच्या गालावर हात फिरवला आणि दारात चप्पल घालताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या घरात गोंदाचा वास येत होता. मला आठवतं."

त्यानंतर ईद झाली. शीरखुर्म्याचा डबा आला नाही. मी गेले नाही.

टेबल दिवाणखान्यात आहे. ऋतुजा त्यावर काम करते. नवीन कुणी घरी आलं की ती त्यांना कोपरा दाखवते, चिरांवरनं बोट फिरवायला लावते आणि गोष्ट सांगते. आता ती माझ्याहून छान सांगते. मधेच माझ्याकडं बघून विचारते, हो ना आई? आणि मी मान हलवते.